कॅमेरा बदलू, की ग्रुप सोडू?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: पत्र कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेचं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सेकंडहँड निकॉन घेतला, सुरुवातीच्या श्रेणीतला, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी. हौशी मंडळींच्या एका ग्रुपबरोबर त्या दर रविवारी बाहेर पडतात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. इतरांच्या फोटोंवर 'नाद खुळा', 'लई भारी' यांचा पाऊस पडतो, यांच्या फोटोंवर दोन-तीन अंगठे. तालमीतले फोटो हलतात, रंकाळा तलावावरचे फिके पडतात. ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं असं की मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं ठरवण्याच्या मोडवर, आल्याशिवाय ही फोटोग्राफीच नव्हे, आणि या कॅमेऱ्यात याहून जास्त काही मिळणार नाही. एक लाख साठ हजारांची एफडी मोडून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा आणि लेन्स घ्यावी, की ग्रुप सोडून छंदच आवरता घ्यावा, हा त्यांचा प्रश्न. सोबत तीन फोटो मूळ फायलींसकट आहेत: तालीम, रंकाळा, गुऱ्हाळ. शेवटच्या फोटोखाली लिहिलंय, 'हा जमलेला नाही, तरी पाठवते.'

ताई,

मूळ फायली पाठवल्यात हे फार बरं केलंत. शटर किती वेळ उघडं होतं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती होतं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदना किती होती, हे सगळं मूळ फाईल टिपून ठेवते. तुमच्या एफडीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या नोंदींतच आहे. म्हणून आधी फोटो बघू, पैशांचं नंतर.

तालमीच्या फोटोची नोंद अशी आहे: ५५ मिमी, एफ ५.६, १/३० सेकंद, आयएसओ ८००. दोन्ही पैलवानांचे हात आणि डोकी ओढल्यासारखी पुसट आली आहेत. पण हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला, त्यांच्याइतक्याच अंतरावर, उभी करून ठेवलेली गदा बघा. तिची कड न् कड स्वच्छ आहे. 'फोटो हलला' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्या शब्दाखाली तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात. कॅमेरा हलला तर फ्रेममधलं सगळंच, गदासुद्धा, एकाच दिशेनं पुसलं जातं आणि दिव्यांच्या रेघा होतात. फोकस चुकला तर माणूस मऊ येतो, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी धारदार असतं. आणि माणूसच हलला तर स्थिर वस्तू धारदार येतात, हलणारं अंग तेवढं पुसट. तुमचा दोष हा तिसरा. १/३० सेकंदात डाव टाकणाऱ्याचा हात सहज वीतभर सरकतो. लेन्सवरचं व्हीआर तुमच्या हाताचं कंपन सावरतं, पैलवानाच्या चपळाईपुढे त्याचा काही उपयोग नाही. दीड लाखाच्या कॅमेऱ्यावर १/३० ठेवलं असतं तरी हाच फोटो आला असता.

मग शटर एवढं मंद का झालं? तुम्ही लिहिता, '८०० च्या वर आयएसओ सहसा नेत नाही, नॉईज येतो.' नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, येतो हे खरं. पण तो नंतर बऱ्यापैकी कमी करता येतो, पुसला गेलेला चेहरा परत आणता येत नाही. आयएसओ ८०० चा ६४०० केला तर प्रकाशाची संवेदना आठपट होते, आणि त्याच लेन्सवर, त्याच जागेवरून शटर १/२५० ला येतं. तुमची लेन्स १८ मिमीवर आणलीत तर ती एफ ३.५ पर्यंत उघडते. तिथं १/५०० साठी आयएसओ साधारण ५००० पुरतो. अर्थात त्यासाठी हौद्याच्या अगदी कडेला जावं लागेल, म्हणजे वस्तादांची परवानगी हवी आणि पायात चप्पल नको. हे दोन्ही बदल फुकट आहेत. पुढच्या खेपेला डायल 'एस' वर ठेवा (यात शटर तुम्ही ठरवता, छिद्र कॅमेरा), शटर १/५००, आणि मेन्यूत जाऊन ऑटो आयएसओ चालू करून त्याची कमाल मर्यादा ६४०० ठेवा. ज्यांच्याकडे कॅनन आहे त्यांच्यासाठी हाच मोड 'टीव्ही' नावानं असतो. प्रकाश कमी असला की लेन्स आपोआप पूर्ण उघडते, उरलेली तूट आयएसओ भरून काढतो. तरीही फोटो काळपट येत असेल तर १/२५० वर या.

आता खरेदीचा हिशेब. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या सव्वादोनपट असतं. अंधारात त्याचा फायदाही ढोबळमानानं तेवढाच, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). उलट ५० मिमी एफ १.८ ही छोटी लेन्स तुमच्या किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. तुमच्याच तालमीत, तुमच्याच कॅमेऱ्यावर, १/५०० ला आयएसओ १६०० पुरेसा होईल. एका बाजूला लाखभराहून जास्त रक्कम आणि सव्वादोनपट, दुसऱ्या बाजूला काही हजार आणि दहापट. शिवाय तुमची किट लेन्स छोट्या सेन्सरसाठी बनवलेली आहे. फुल फ्रेमवर ती लावली तर कॅमेरा फक्त मधला तुकडा वापरतो. म्हणजे बॉडीसोबत लेन्सही नव्यानं घ्यावी लागते. हा दुसरा खर्च दुकानात गेल्यावर लक्षात येतो.

५० मिमी घेताना मात्र एक चूक हमखास होते, आणि सेकंडहँड बाजारात तर फारच. तुमच्या श्रेणीतल्या निकॉनमध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते. त्यामुळे 'एएफ-डी' लेन्स स्वस्त दिसली म्हणून घेतलीत तर ती ऑटोफोकस करणार नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं बघूनच घ्या. जुनी लेन्स घेताना मागून मोबाईलचा टॉर्च लावून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी नको. आणि घेण्याआधी शक्य असेल तर एका दिवसासाठी भाड्यानं आणून तालमीत वापरून बघा.

एफ १.८ ची स्वतःची एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पहिल्याच दिवशी निराशा होईल. तुमच्या कॅमेऱ्यावर तीन मीटर अंतरावरून या लेन्सनं एफ १.८ वर फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून २५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. एका पैलवानाच्या डोळ्यावर फोकस बसला तर दुसऱ्याचा चेहरा मऊ होतो. एफ २.८ केलंत तर हा पट्टा दीडपट होतो. सुरुवात तिथून करा. फोकस मोड 'एएफ-सी' ठेवा, म्हणजे बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करत राहतो. कॅननवर याला एआय सर्वो म्हणतात. सगळे फोकस पॉइंट चालू ठेवू नका, मधला एकच ठेवा. अशा कॅमेऱ्यांत तोच सर्वांत भरवशाचा असतो, कमी प्रकाशात तर नक्कीच.

तालमीतल्या आणखी दोन गोष्टी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाईट आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळट असा येऊ शकतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. काही नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय दिलेला असतो. तुमच्याकडे नसेल तर सलग तीन-चार फोटो काढा, एखादा नीट मिळतो. स्थिर प्रसंग असेल, शड्डू ठोकून उभा राहिलेला पैलवान किंवा जोर मारून दम घेणारी पोरं, तर शटर १/१०० ठेवा, तक्रारच राहणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे पहाटेच्या सरावाचा शेवटचा अर्धा तास धरा. दारातून, झरोक्यातून उजेड आत यायला लागतो आणि अंगाला लागलेल्या मातीचा पोत त्या तिरक्या उजेडात जसा उठतो तसा ट्यूबखाली कधीच उठत नाही. दुसरी गोष्ट मातीची. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती तांबडी माती प्रकाशाला स्वतःचा रंग देते आणि सगळ्यांची कातडी लालसर येते. हौद्याच्या कडेला पांढरा टॉवेल धरून त्यावर प्रीसेट व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला कळतं. कितीसा लालसरपणा ठेवायचा हे मग तुम्ही ठरवा. मला विचाराल तर थोडा ठेवावा. आणि तिथं लेन्स बदलू नका. बाहेर येऊन, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदला.

तोंडावरून आठवलं, सेन्सरवर तोंडानं फुंकर घालायची नाही. थुंकीचे थेंब बसतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर वापरा. हे का सांगतोय ते तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसतं.

रंकाळा. १८ मिमी, एफ २२, १/१५ सेकंद, आयएसओ १००, हातात धरून. काठावरच्या शालिनी पॅलेसच्या बाजूचं आकाश पांढरं जळालेलं, पाणी मऊ, डाव्या कोपऱ्यात वर तीन काळे ठिपके. ते ठिपके पक्षी नाहीत, सेन्सरवरची धूळ आहे. छिद्र जितकं बारीक तितकी धूळ ठळक दिसते. 'लँडस्केपला एफ २२' हा सल्लाही तुम्हाला ग्रुपवरच मिळाला असणार, कारण तो सगळीकडे मिळतो. १८ भागिले २२ करून बघा: छिद्र जेमतेम ०.८ मिलिमीटरचं होतं. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. तुमच्या सेन्सरवर ही लेन्स एफ ८ च्या आसपास सर्वांत धारदार असते. १८ मिमीवर एफ ८ ठेवलंत तर दहा फुटांपासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं स्पष्ट येतं, आणि १/१५ चं शटर १/१२५ होतं, हातात धरायला निर्धास्त.

आकाश जळलं ते मीटरमुळे. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरतो. तुमच्या फ्रेमचा खालचा मोठा भाग काळोखा, म्हणून त्यानं सगळंच उजळवलं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय, उणे एक करा, फोटो काढा, मग हिस्टोग्राम बघा. तो डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख असतो. उजव्या भिंतीला आलेख चिकटला असेल तर आणखी कमी करा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. संध्याकाळच्या अंधारात ती स्क्रीन सगळंच छान दाखवते. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाईल काढत असाल तर काळोख्या भागातून नंतर बरंच वर काढता येतं, पांढरं जळालेलं परत येत नाही. जोतिबाच्या यात्रेत हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो: गुलालाचा गुलाबी इतका गडद की साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि तरी लाल रंगाचा थर भिंतीला आपटलेला असतो. तिथं लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा आणि उणे दोन-तृतीयांश ठेवा, नाहीतर उधळलेल्या गुलालाच्या जागी नुसता सपाट डाग मिळतो.

किरणोत्सव पाहणाऱ्या गावाला प्रकाशाची दिशा वेगळी शिकवायला नको. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोचतात, कारण हे दिवस २१ डिसेंबरपासून मागे-पुढे जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत आणि सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच जागी उतरतो. रंकाळ्यावर हेच वर्षभर चालू असतं. पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलंत तर हिवाळ्यात सूर्य डावीकडे सरकलेला असतो, उन्हाळ्यात उजवीकडे. शालिनी पॅलेसच्या कुठल्या अंगाला तो हवा हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे महिना निवडा. ग्रुपमधल्या ज्यांचे रंकाळ्याचे फोटो तुम्हाला भारी वाटतात, ते बहुधा एवढंच करतात. आणि सूर्य बुडाला की लगेच निघू नका. नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश निळं होतं, काठावरचे दिवे लागतात आणि दोघांचा उजेड एका पातळीला येतो. ट्रायपॉड नसला तरी कॅमेरा कठड्यावर ठेवा, व्हीआर बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

उरलं फिकेपण. इथं मला तुमची काळजी वाटली, कारण दोन वर्षं तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि दोष एका मेन्यूचा होता. तुमच्या फायलींची नावं आडव्या रेघेनं, म्हणजे अंडरस्कोरनं सुरू होतात आणि मग 'डीएससी' येतं. निकॉनमध्ये रेघ पुढे येते ती कलर स्पेस, म्हणजे रंग नोंदवण्याची पद्धत, 'अडोबी आरजीबी' वर असताना. एरवी रेघ 'डीएससी'च्या नंतर असते. बहुधा आधीच्या मालकानं तसं ठेवलं असेल. ही कलर स्पेस छपाईच्या कामासाठी ठीक आहे. पण ती ओळखण्याची खूण फोटो पाठवताना पुसली गेली, किंवा समोरच्या ॲपनं वाचली नाही, की हिरवे-तांबडे रंग धुतल्यासारखे दिसतात. शूटिंग मेन्यूत जाऊन कलर स्पेस 'एसआरजीबी' करा. कॅननवाल्यांनीही बघावं: तिथं फायलीचं नाव 'आयएमजी' ऐवजी रेघ आणि 'एमजी' असं सुरू होत असेल तर गोष्ट तीच. जुने फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबीत रूपांतर करून सेव्ह केले की रंग परत येतील.

मॅन्युअलबद्दल. त्या ज्येष्ठांचा हेतू चांगलाच असणार, पण वाक्य अर्धवट आहे. मॅन्युअलवर तुम्ही मीटरची सुई शून्यावर आणून फोटो काढता, तेव्हा छिद्र तुम्ही आणि शटर कॅमेरा ठरवतो त्या 'ए' मोडवर कॅमेऱ्यानं जे केलं असतं तेच हातानं करता. तेच शटर, तेच छिद्र, तोच फोटो, फक्त उशिरा. मॅन्युअलचा खरा उपयोग प्रकाश स्थिर आणि मागचं दृश्य बदलतं असताना होतो. तालमीत पैलवान एकदा पांढऱ्या भिंतीसमोर, एकदा काळ्या दारासमोर येतो आणि मीटर दर वेळी फसतो. तिथं एक नीट एक्स्पोजर शोधून, आयएसओही हातानं पक्का करून, मॅन्युअलवर कुलूप लावावं. फ्लॅश, आतषबाजी, पॅनोरमा इथंही तसंच. मॅन्युअल जरूर शिका, पण ते कधी लागतं हे कळून.

आता तिसरा फोटो. तो जमलेला नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?

२४ मिमी, एफ ४, १/६०, आयएसओ १६००. गुळव्या काहिलीवर वाकलाय, मागच्या उघड्या बाजूनं पहाटेचा उजेड वाफेतून गाळून येतोय, चेहरा स्थिर आणि ढवळणारा हात थोडा पुसट. इथलं पुसटपण दोष नाही, तो हात काम करतोय हे त्यातूनच कळतं. १/५०० ला हा हात गोठला असता आणि फोटोतला जीव गेला असता. तिन्हींत हा सर्वांत चांगला फोटो आहे, आणि तो त्याच कॅमेऱ्यानं, त्याच किट लेन्सनं काढलाय.

त्यात काय सुधारता आलं असतं तेही सांगतो. पांढरी वाफ बघून मीटरनं ती राखाडी केली, म्हणून फोटो जरा दबलाय. अधिक दोन-तृतीयांश हवं होतं. उजव्या कडेला निळं प्लॅस्टिकचं पिंप आहे, आणि सगळ्या तांबूस फ्रेममध्ये नजर आधी तिथं जाते. शिवाय फ्रेमच्या कडा धुरकट आल्यात, ते लेन्सच्या काचेवर बसलेल्या बाष्पामुळे. थंड हवेतून वाफेत गेलात की काच धुकटते. पुसू नका, दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवून आतल्या उबेला येऊ द्या. गुऱ्हाळातले थेंब चिकट असतात. समोर यूव्ही फिल्टर असेल तर नंतर तो ओल्या कापडानं निवांत पुसता येतो, लेन्सच्या काचेवर तसं घासायला नको.

ग्रुपवर या फोटोला दोनच अंगठे मिळाले, कारण तो व्हॉट्सॲपवर पाहिला गेला. रविवारी संध्याकाळी चाळीस फोटो एकामागून एक येतात आणि प्रत्येकजण ते काडेपेटीएवढ्या आकारात सरकवत जातो. त्या आकारात केशरी सूर्य ओळखू येतो, वाफेआडचा चेहरा नाही. वर व्हॉट्सॲप फोटो लहान करून दाबतं, त्यात वाफेसारखे नाजूक पोत पहिले मरतात. अंगठे कमी पडले एवढ्यावरून फोटो वाईट ठरत नाही. पाठवायचंच तर लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी, जेपीईजी क्वालिटी ८५ अशी प्रत करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही आणि शटर-आयएसओच्या नोंदीही सोबत जातात. मोबाईलवर काढलेला फोटो असा पाठवलात तर त्यात जागेचा पत्ताही जाऊ शकतो. कुणाच्या घरचा, लहान मुलांचा किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर तो आधी काढून टाका. तालमीतल्या पोरांचे फोटो टाकण्यापूर्वी वस्तादांना आणि पालकांना विचारायला हवं, हे तुम्ही शिक्षिका असल्यानं वेगळं सांगायला नको.

ग्रुप सोडू नका असं माझं मत आहे, पण आत्ता जसा वापरता तसा वापरू नका. रविवारचे दहा फोटो टाकण्याऐवजी एकच टाका आणि त्यासोबत एक नेमका प्रश्न. 'कसा वाटला?' विचारलं की 'लई भारी'च येणार, दुसरं काय येईल! त्याऐवजी असं लिहा: 'गुऱ्हाळ, पहाट. २४ मिमी, एफ ४, १/६०, आयएसओ १६००. गुळव्याच्या चेहऱ्याआधी नजर दुसरीकडे कुठं जाते का?' साठ जणांतले पाच उत्तर देतील आणि त्यातले तीन निळं पिंप दाखवतील. दुसऱ्यांच्या फोटोंवरही तसंच बोला: काय दिसलं, नजर कुठं अडली, त्यांनी काय ठेवलं होतं. पहिले दोन-तीन रविवार अवघडल्यासारखं होईल. ज्यांचे फोटो तुम्हाला मनापासून आवडतात अशा एकाच व्यक्तीला गाठून पंधरा दिवसांतून एकदा मूळ फायली अदलाबदल करून बघता आल्या तर अख्ख्या ग्रुपपेक्षा त्याचा उपयोग जास्त. तेही जमलं नाही आणि रविवारची संध्याकाळ जड व्हायला लागली, तर ग्रुप महिनाभर म्यूट करा. फिरायला जाणं मात्र चालू ठेवा.

एफडीकडे येऊ. नवा कॅमेरा कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः खपून घडवला, तिथं साधनाला कमी लेखणं बरं नाही. पण त्यांना काय चित्रित करायचंय ते ठाऊक होतं, आणि कॅमेरा नसल्यानं तेच अडत होतं. तुमचं काय अडतंय? गेल्या वर्षभरातले तुम्हाला आवडलेले दोनशे फोटो कॉम्प्युटरवर काढा आणि फोकल लेंथच्या, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याच्या, क्रमानं लावा. बहुतेक १८ ते ३५ मध्ये असतील तर ७०-२०० ची लांब लेन्स घेऊन ती कपाटात राहील. बहुतेक ५५ ला टेकलेले असतील तर लांब लेन्सची गरज खरी आहे. १९१२ साली बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानात, गर्दीत बसून, दिव्यांच्या उजेडात कुस्त्या टिपायच्या असतील, तर तिथं किट लेन्सही कमी पडेल आणि ५० मिमीही. पण तेव्हाही आधी एका मैदानासाठी लेन्स भाड्यानं आणा.

तोवर माझा क्रम असा राहील. पहिला महिना काहीच खरेदी नाही, वर सांगितलेले मेन्यू बदलून तालमीत आणि रंकाळ्यावर प्रत्येकी दोनदा जाणं. मग ५० मिमी. मग एक बेताचा ट्रायपॉड. आणि पावसाळ्याआधी एक हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याच्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय करू नका, त्याची भुकटी फटींत शिरते. एफडी मुदतीपर्यंत तशीच राहू दे. वर्षभरानंतर एखादा ठरावीक फोटो ठरावीक कारणानं अडतोय असं तुम्हाला एका वाक्यात लिहिता आलं, तर तेव्हा मोडा आणि मनात किंतु ठेवू नका.

गुऱ्हाळाचा फोटो थोडा उजळवून सहा बाय चार इंचाची प्रिंट काढा. त्यासाठी १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, एसआरजीबीतच द्या, आणि लॅबवाल्याला 'ऑटो करेक्शन नको' असं सांगा, नाहीतर मशीन वाफ पुन्हा राखाडी करेल. दोन प्रती काढा, एक तुमच्याकडे, एक त्या गुळव्याला. ती द्यायला जाल तेव्हा पहाटेच जा आणि कॅमेरा न्या. निळं पिंप उचलायला कुणाला सांगू नका, ते त्यांच्या कामाच्या जागी आहे. तुम्हीच दोन पावलं उजवीकडे सरका, कॅमेरा थोडा डावीकडे वळवा, पिंप फ्रेमबाहेर जाईल.